दाखला काढण्यापूर्वी

मे महिना उजाडला की शाळेच्या कचेरीत दाखले मागावयास येणाऱ्या पालकांची वर्दळ सुरू होते. कोणाची बदली झालेली असते, कोणी इचलकरंजीस अथवा कोल्हापुरास बिऱ्हाड हलविणार असतो. यंदा एका गृहस्थांनी सांगितलेले कारण मात्र आगळे होते. त्यांचे धाकटे बंधू जर्मनीत नोकरीस आहेत. तीन-चार वर्षांत आपणासही सहकुटुंब तिकडे जाण्याचा योग येईल, असा त्यांचा अदमास. म्हणून आठवीतल्या मुलास आतापासूनच इंग्रजी माध्यमात घालावयाचे. तिसरीतल्या मुलीचा दाखला तर त्यांनी प्राथमिक शाळेतून आधीच काढलेला! जर्मनीतील शाळा जर्मन भाषेत चालतात, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणिले. त्यावर ते हसले व म्हणाले, “तरी पण इंग्रजी बरी.”

या ‘तरी पण’विषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

नव्या भाषेचे भय आमच्या भागाला तरी नसावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी येथील घरे जागच्या जागी राहिली आणि राज्य तेवढे बदलले. तेव्हापासून निपाणी-चिकोडीकडील मुले मराठीत गणित सोडवितात, कन्नडचा धडा वाचतात आणि इंग्रजीचे शब्दार्थ पाठ करितात. बाजारात तर ती कोणत्या क्षणी कोणती भाषा बोलतील, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नसते. अशी मुले चौथी भाषा शिकणार नाहीत, असे कोणी म्हणावे?

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न पूर्वीही उभा राहिला होता. इरावतीबाई कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशातला. त्यांचे नावही तेथील नदीचेच. वडील श्री. करमरकर तेथे एका कापूस कंपनीत होते. त्यांनी सात वर्षांच्या लेकीस समुद्रापलीकडे पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत धाडले. तेथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी इरावतीबाई मुलीसारख्या वाढल्या. मराठी शाळेतून गेलेल्या याच मुलीने पुढे बर्लिनच्या विद्यापीठात मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि ‘युगान्त’ लिहिले ते मराठीत. तथापि सात वर्षांच्या पोरीला आईबापांपासून तोडण्याची ती किंमत आम्ही कोणास सुचविणार नाही. त्या वयात तिने काय सोसले असेल, ते तिचे तिलाच ठाऊक.

त्याच परांजपे घराण्यातील दुसरे उदाहरण अगदी उलट आहे. रँग्लरसाहेब १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. शकुंतलाबाई व त्यांची लहानगी कन्या सई त्यांच्यासमवेत कॅनबेरास राहिल्या. शाळा अर्थातच इंग्रजी. परंतु याच सईचे ‘मुलांचा मेवा’ हे पहिले पुस्तक वयाच्या आठव्या वर्षी निघाले, आणि ते मराठीत! शाळा परकी असली तरी घर परके झाले नव्हते, असाच याचा अर्थ आम्ही लावितो.

मग परदेशी शाळा निवडावी तरी कशी? आमच्या मते पहिला प्रश्न शाळेचा नव्हेच. परतावयाचे की नाही, हा आहे. आखाती देशांत कराराची नोकरी असेल, तर आज ना उद्या माघारी यावेच लागते. अशांनी तेथील केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालविणारी भारतीय शाळा निवडावी, म्हणजे परतल्यावर मुलाचे वर्ष वाया जात नाही. अमेरिकेत सरकारी शाळा विनामूल्य असते, पण ती सामान्यतः राहत्या पत्त्यावरून ठरते. म्हणजे घर भाड्याने घेतानाच शाळा निवडली जाते. जर्मनीत तर बहुतेक प्रांतांत चौथीनंतरच मुलांची निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. नऊ वर्षांचे मूल जर्मन न येता तेथे पोचले, तर वर्षभरातच ही वाटणी समोर येते. तेव्हा आमच्या गृहस्थांनी इंग्रजीवर खर्चावयाचा पैसा जर्मनच्या शिकवणीवर खर्चिला असता तर तो अधिक कामी आला असता.

मोठ्या मुलांचा प्रश्न अवघड आहे, हे आम्ही लपवीत नाही. पंधराव्या वर्षी विज्ञानाचे सारे शब्द नव्या भाषेत शिकणे सोपे नव्हे. दहावी उरकूनच मुलास न्यावे, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु लहान मुले दोन-तीन वर्षांत परकी बोली सहज उचलतात. धोका असतो तो उलट बाजूने. तिसरीत सुटलेली मराठी परदेशी कोणती शाळा परत देणार? तेथील महाराष्ट्र मंडळे सुटीच्या दिवशी मराठीचे वर्ग भरवितात, ही गोष्ट स्तुत्यच. पण आठवड्यातील एखाददोन तासांत आजीशी फोनवर भांडण्याइतकी मराठी येत नाही. ती जेवणाच्या ताटावरच यावी लागते.

दाखला आम्ही दिला. तो त्यांचा हक्कच. शाळा सोडण्याच्या कारणापुढे त्यांच्या इच्छेनुसार ‘परदेशी प्रयाण’ असे लिहिले. मुलगा आता रोज सकाळी बसने दुसऱ्या गावच्या इंग्रजी शाळेस जातो. आमच्या फाटकावरूनच बस जाते. खिडकीतून तो जुन्या सोबत्यांना मराठीत हाका मारितो.