सूत्रांआधीच्या अटी

बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, आणि तिच्या आधीचे तीन-चार आठवडे कनिष्ठ महाविद्यालयांतील गणिताच्या अध्यापकांसाठी वर्षातले सर्वांत ओढाताणीचे असतात. पूर्वपरीक्षेचे पेपर तपासायचे असतात, प्रात्यक्षिकांच्या वह्या सह्यांसाठी साचलेल्या असतात, आणि उरलेल्या मोजक्या तासिकांत कलनशास्त्राची उजळणी बसवायची असते. कलनशास्त्र म्हणजे बदलाचा वेग मोजणारे अवकलन आणि सूक्ष्म भागांची बेरीज करून एकूण राशी काढणारे समाकलन, या दोहोंचे मिळून झालेले शास्त्र. राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेच्या गणिताच्या दुसऱ्या भागातील आठपैकी सहा प्रकरणे त्याचीच आहेत, त्यामुळे शेवटच्या तासिका त्याला मिळाव्यात हे योग्यच आहे; प्रश्न आहे तो त्या तासिकांत काय व्हावे हा.

बहुतेक वर्गांत या दिवसांत सूत्रांची यादी फळ्यावर उतरते किंवा तिच्या झेरॉक्स वाटल्या जातात, आणि विद्यार्थी ती पुन्हा पुन्हा वाचतात. ही मेहनत प्रामाणिक असली तरी चुकीच्या जागी होते, कारण वर्षभर सराव केलेल्या विद्यार्थ्याला सूत्र बहुधा येत असते. त्याला माहीत नसते ते सूत्र कोणत्या अटीवर खरे आहे आणि ती अट मोडली की काय घडते हे. कलनशास्त्रातील ज्या संकल्पना फसव्या म्हणून ओळखल्या जातात, त्यांपैकी बहुतेकींचा फसवेपणा अटीतच दडलेला असतो. म्हणून शेवटच्या तासिका प्रतिउदाहरणांना द्याव्यात, म्हणजे जिथे सवयीची रीत चुकीचे उत्तर देते अशा नेमक्या उदाहरणांना, असे या मासिकाचे आग्रहाचे म्हणणे आहे.

व्यस्त त्रिकोणमितीय फलनांच्या अवकलनातील एक नेहमीचा प्रश्न येथे जवळून पाहण्यासारखा आहे. साइन इन्व्हर्स (२क्ष√(१−क्ष²)) या फलनाचा अवकलज, म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, काढायचा असतो; विद्यार्थी क्ष = साइन थीटा असे मांडतो, कंसातील पदावली साइन २थीटा होते, साइन इन्व्हर्स आणि साइन एकमेकांना छेदतात असे धरून फलन २थीटा म्हणजे २ साइन इन्व्हर्स क्ष इतके उरते, आणि उत्तर २ भागिले √(१−क्ष²) असे येते. दोन-तीन ओळींचे हे उत्तर इतके सुबक असते की त्यावर कोणी शंका घेत नाही. आता क्षची किंमत ०.८ घेतली तर कंसातील पदावली ०.९६ होते, आणि क्ष ०.९ केला तर ती सुमारे ०.७८ होते, क्ष वाढला आणि कंसातील संख्या मात्र घटली. साइन इन्व्हर्स हे स्वतः वाढते फलन आहे, म्हणून संपूर्ण फलनही या टप्प्यात घटतेच आहे, आणि घटत्या फलनाचा अवकलज धन असू शकत नाही. सुबक उत्तर ०.८ या बिंदूवर अवकलज १०/३ सांगते, तर खरी किंमत उणे १०/३ आहे. कारण असे की साइन इन्व्हर्सची मुख्य किंमत उणे ९० ते अधिक ९० अंशांच्या दरम्यानच घेतली जाते, क्ष ०.८ असताना थीटा ५३ अंशांच्या किंचित पुढे जातो, २थीटा १०६ अंशांवर पोहोचतो, आणि तिथे साइन इन्व्हर्स (साइन २थीटा) हे २थीटा राहत नाही, १८० अंश उणे २थीटा होते. सुबक उत्तर खरे ठरते ते क्ष हा उणे १/√२ आणि अधिक १/√२ यांच्या, म्हणजे सुमारे उणे ०.७०७ आणि अधिक ०.७०७ यांच्या दरम्यान असतानाच. त्यापलीकडे १ पर्यंत आणि उणे १ पर्यंत चिन्ह बदलते, आणि सांध्याच्या दोन्ही बिंदूंवर अवकलज अस्तित्वातच नसतो.

हे उदाहरण एवढ्या विस्ताराने मांडण्याचे कारण असे की त्यातील चूक एका प्रकरणापुरती नाही. निश्चित समाकलनात, म्हणजे दोन सीमांच्या दरम्यानच्या समाकलनात, तीच चूक वेगळ्या वेषात येते. क्षच्या वर्गाचे उणे १ ते १ असे समाकलन करताना एखाद्याने क्षच्या वर्गाला ट म्हटले, तर दोन्ही सीमा १ होतात आणि उत्तर शून्य येते. वक्र तर संपूर्ण अंतरालात अक्षाच्या वरच आहे आणि खरे उत्तर २/३ आहे. इथे क्ष हा √ट आहे असे मनातल्या मनात गृहीत धरले गेले, पण डावीकडच्या अर्ध्या भागात तो उणे √ट होता. तसेच √(१−साइन २क्ष) या फलनाचे शून्य ते पाय भागिले २ असे समाकलन करताना करणीखाली (कॉस क्ष − साइन क्ष) या पदाचा पूर्ण वर्ग दिसतो, विद्यार्थी वर्ग आणि वर्गमूळ आनंदाने काढून टाकतो आणि शून्य हे उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. वर्गमूळ कधी ऋण नसते, त्यामुळे शून्य हे उत्तर पहिल्याच नजरेत खटकायला हवे. पाय भागिले ४ च्या पुढे साइन मोठा होतो, पदाचे चिन्ह उलटते, आणि अंतराल तिथे तोडून समाकलन केले की २√२−२, म्हणजे सुमारे ०.८३, हे बरोबर उत्तर मिळते.

तिन्ही उदाहरणांचे मूळ एकच आहे. वर्ग करणे किंवा साइन घेणे या क्रिया एकापेक्षा अधिक संख्यांना एकाच संख्येवर नेतात, आणि उलट येताना त्यांतील एक वाट निवडावी लागते. ती निवड झाली आहे याची नोंद न ठेवता पुढे गेले की चिन्ह चुकते. √(क्ष²) म्हणजे क्ष नसून क्षचे केवलमूल्य आहे, हे वाक्य अकरावीत सांगितले जाते आणि तिथेच राहते. शेवटच्या आठवड्यात एक संपूर्ण तासिका या एका वाक्याला दिली, आणि त्याची अवकलनातील, प्रतियोजनातील आणि करणीखालच्या वर्गातील ही तीन रूपे शेजारी शेजारी फळ्यावर मांडली, तर विद्यार्थ्याच्या हाती लागणारी गोष्ट वीस सूत्रांच्या उजळणीपेक्षा मोठी असेल. प्रकरणे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवली जातात, म्हणून हे नाते वर्षभरात दिसत नाही; ते दाखवण्याची योग्य वेळ उजळणीचीच असते.

सीमेच्या, म्हणजे लिमिटच्या, संकल्पनेतील अडचण थोडी निराळी आहे. डेव्हिड टॉल आणि श्लोमो व्हिनर यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात संकल्पनेची व्याख्या आणि संकल्पनेची प्रतिमा असा भेद केला होता: व्याख्या म्हणजे पुस्तकातील काटेकोर विधान, आणि प्रतिमा म्हणजे त्या नावाभोवती विद्यार्थ्याच्या मनात जमलेली चित्रे, उदाहरणे आणि समजुती, ज्या व्याख्येशी विसंगत असल्या तरी विद्यार्थी उत्तर लिहिताना त्यांचाच आधार घेतो. फलन सीमेच्या जवळ जाते पण तिला कधी पोहोचत नाही, ही अशीच एक चिवट समजूत आहे. क्ष गुणिले साइन (१/क्ष) हे फलन शून्याजवळ जाताना शून्य ही किंमत असंख्य वेळा घेते आणि त्याची सीमाही शून्यच आहे. हे एकच उदाहरण ती समजूत दूर करायला पुरते. सीमा काढताना त्या बिंदूवरची फलनाची किंमत विचारातच घेतली जात नाही, आणि ती किंमत सीमेइतकी असणे यालाच त्या बिंदूवरील सांतत्य म्हणतात, हा क्रम एकदा स्पष्ट झाला की तुकड्यातुकड्यांनी दिलेल्या फलनांवरचे प्रश्न आपोआप सुटू लागतात.

सांतत्य असले म्हणजे अवकलज असतोच असे नाही, हे क्षच्या केवलमूल्याच्या आलेखातील शून्यावरच्या टोकाने सर्वत्र दाखवले जाते, आणि ते पुरेसे आहे. मात्र अध्यापकांनी हेही लक्षात ठेवावे की ज्या गोंधळाबद्दल विद्यार्थ्याला बोल लावला जातो, त्यातून या शास्त्राचे थोर अभ्यासकही गेले आहेत. कोशी यांनी १८२१ च्या आपल्या पाठ्यग्रंथात संतत फलनांच्या अभिसारी श्रेढीची, म्हणजे निश्चित बेरजेकडे झुकणाऱ्या अनंत पदांची, बेरीज नेहमी संतत असते असे विधान केले, आणि १८२६ मध्ये आबेल यांनी त्याला अपवाद असल्याचे दाखवले. सर्वत्र संतत पण कुठेही अवकलज नसलेले फलन वायरश्ट्रास यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे मांडले ते १८७२ मध्ये, म्हणजे न्यूटन आणि लायब्निट्स यांच्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. इतक्या उशिरा स्वच्छ झालेल्या गोष्टी सतराव्या वर्षी दोन तासिकांत पक्क्या व्हाव्यात ही अपेक्षा रास्त नाही, आणि चुकलेल्या विद्यार्थ्याशी बोलताना अध्यापकाच्या स्वरात ही जाणीव असावी.

महत्तम आणि लघुतम किमतींच्या प्रकरणात अवकलज शून्य करून समीकरण सोडवणे एवढीच रीत उरते. महत्तम बिंदूशी बदलाचा वेग शून्य होतो ही कल्पना बाराव्या शतकात दुसऱ्या भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांच्या तात्कालिक गतीच्या विवेचनात वापरली होती, आणि ती खरीच आहे. पण तिचा व्यत्यास खरा नाही. क्षच्या घनाचा अवकलज शून्यावर शून्य होतो आणि तिथे ना महत्तम किंमत असते ना लघुतम. उलट क्षच्या केवलमूल्याची लघुतम किंमत जिथे आहे तिथे अवकलजच नाही. आणि बंद अंतरालात, म्हणजे टोके धरून घेतलेल्या अंतरालात, उत्तर अनेकदा टोकावरच असते, जे समीकरण सोडवून कधीच सापडत नाही. दुसरा अवकलज शून्य आला तर कसोटी काहीच सांगत नाही, हे क्षच्या चौथ्या घाताने दाखवता येते.

इतर काही ठिकाणांचा निर्देश पुरेसा आहे. १/क्ष² चे उणे १ ते १ समाकलन डोळे मिटून केले तर उणे २ येते, जे धन फलनाच्या बाबतीत अशक्य आहे, कारण मध्येच शून्यावर फलन अमर्याद होते. साइन क्षचे शून्य ते २पाय समाकलन शून्य असते, पण वक्र आणि अक्ष यांमधले क्षेत्रफळ ४ असते. अवकल समीकरणात चले वेगळी करताना यने भागले की य = ० हे उत्तर गुपचूप गळून पडू शकते.

उजळणीच्या रीतीबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत अधिक आठवले, पण आठवड्यानंतर पुढे होते ते वाचनाऐवजी स्वतःला आठवायला लावणारे. सूत्रांची यादी वाचताना सगळे येते आहे असे जे वाटते, ते या पाच मिनिटांच्या लाभासारखे असते. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या अभ्यासात घनफळांची उदाहरणे प्रकारवार सोडवणारे सरावाच्या वेळी सरस ठरले, परंतु आठवड्यानंतरच्या चाचणीत त्यांना सरासरी २० टक्के, तर मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के गुण मिळाले. कलनशास्त्राला हे विशेष लागू पडते, कारण समाकलनाच्या प्रश्नात खरी कसोटी कोणती रीत वापरायची हे ओळखण्याची असते, आणि प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या उदाहरणसंग्रहात ती ओळख शीर्षकानेच करून दिलेली असते. म्हणून शेवटच्या आठवड्यात सहाही प्रकरणांतली उदाहरणे मिसळून द्यावीत, आणि काही उदाहरणांत पूर्ण उत्तर न मागता कोणती रीत आणि कोणती अट एवढेच एका ओळीत लिहून घ्यावे; एका तासिकेत अशी पंधरा उदाहरणे सहज होतात.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की जेमतेम उत्तीर्ण होण्याच्या काठावरील विद्यार्थी प्रतिउदाहरणांनी अधिकच गोंधळतो. आक्षेपात तथ्य आहे, आणि अशा विद्यार्थ्याला साखळी नियम आणि खंडशः समाकलन यांचा सरळ सराव देणे हेच अध्यापकाचे कर्तव्य आहे. त्याच्यासाठी एवढे पुरे की उत्तर लिहिल्यावर त्याचे चिन्ह संभवनीय आहे का, हे त्याने एकदा पाहावे. दुसरा आक्षेप सीईटीचा आहे: ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे तर अटींकडे पाहायला वेळ कुठे? मात्र चार पर्यायांत अधिक आणि उणे अशी दोन्ही चिन्हे शेजारी असली, तर अटीकडे पाहिल्याशिवाय निवड करताच येत नाही, आणि ०.८ सारखी एखादी किंमत घालून पाहायला काही सेकंदच लागतात.

शेवटची सूचना प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना आहे, आणि मासिकाच्या वाचकांत असे अध्यापक पुष्कळ आहेत. व्यस्त त्रिकोणमितीय फलनांचा प्रश्न अंतराल न देता विचारला जातो, आदर्श उत्तरपत्रिकेत सुबक पण अपुरे उत्तर छापले जाते, आणि ज्या विद्यार्थिनीने दोन अंतरालांत दोन उत्तरे लिहिली तिचा पेपर तपासताना परीक्षक अडखळतो. पुढील वर्षीच्या पूर्वपरीक्षेपासून अशा प्रत्येक प्रश्नात अंतराल स्पष्ट लिहावे, आणि ते लिहायचे राहिल्यास दोन्ही अंतरालांतील उत्तर देणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत. यासाठी कोणत्याही मंडळाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही, महाविद्यालयाच्या गणित विभागाच्या एका बैठकीत हे ठरवता येते.