मेडिकलच्या काउंटरवरही दर्जा हवा

आपल्या वस्त्यांतला माणूस आजारी पडला की आधी डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलवर जातो. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, गोवंडी, कुठेही पाहा. डॉक्टरची फी वाचते, रोजंदारी बुडत नाही. म्हणून मेडिकल कसे चालते, हा आपल्या आरोग्याचा पहिला प्रश्न आहे. तरी त्यावर आपण बोलत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या कामात एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. औषधाच्या बाबतीत ही दुसरी नजर म्हणजे फार्मासिस्ट. डॉक्टरने लिहिलेला डोस जास्त वाटतो का, दोन औषधे एकमेकांना मारक आहेत का, रुग्णाला ॲलर्जी आहे का, हे त्याने पाहायचे असते. पण अनेक दुकानांत फार्मासिस्टचे सर्टिफिकेट भिंतीवर असते आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा. तो मेहनती असतो, प्रामाणिकही असतो. पण त्याला हे कोणी शिकवलेले नसते.

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला औषध समजावून सांगणे हे त्याचे काम ठरवले. २०१४ पासून शेड्यूल एच-१ मधल्या औषधांची, म्हणजे टीबीची औषधे आणि काही ताकदवान अँटिबायोटिक्स यांची, वेगळी नोंद तीन वर्षे जपायची आहे. नियम आहेत, सवय नाही. एका दुकानात विचारपूस होते, शेजारच्या दुकानात चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या कापून मिळतात. त्या दोन गोळ्यांनी आजार बरा होत नाही, जंतू मात्र निर्ढावतात. पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध चालत नाही.

नुसत्या छाप्यांनी हे सुटणार नाही. दार बंद केले तर फी न परवडणारा माणूस जाणार कुठे? म्हणून प्रत्येक दुकानात एकसारखी, मोजता येईल अशी किमान कामाची पद्धत हवी. दुकान उघडे तोवर फार्मासिस्ट हजर, छातीवर नावाची पट्टी. पाकिटावर मराठी, हिंदी किंवा उर्दूत डोस लिहिलेला. कापलेल्या पट्टीसोबत बॅच नंबर आणि मुदत असलेले बिल. इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, आणि फ्रिजच्या तापमानाची रोजची नोंद. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सिरपची बाटली न देता सरकारी केंद्रात मोफत तपासणीला पाठवणे. रमजानमध्ये डायबेटिसच्या रुग्णाने गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलल्या असतील, तर त्याला डॉक्टरकडे धाडणे.

चुकांचीही वही हवी. सारख्या नावाचे भलतेच औषध दिले गेले, तर ते लिहून ठेवावे आणि दोन्ही खोकी वेगळ्या कप्प्यांत ठेवावीत. जी चूक लिहिली जात नाही, ती पुन्हा होते. बिलिंगचे सॉफ्टवेअर बहुतेक दुकानांत आहेच. जे स्टॉक आणि नफा मोजते, त्याला एच-१ औषधाच्या वेळी चिठ्ठीची नोंद मागायला शिकवणे अवघड नाही.

दुकानदाराची अडचण खरी आहे. पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार, ऑनलाइन सवलतींची स्पर्धा आणि 'तुम्ही देत नाही तर पुढचा देतो' म्हणणारे गिऱ्हाईक. या शेवटच्या अडचणीचे उत्तर आपल्याकडे आहे, कारण ते गिऱ्हाईक आपणच आहोत. बिल मागा. लाल रेघेची पट्टी चिठ्ठीशिवाय मागू नका. 'फार्मासिस्ट कोण आहेत?' असे अदबीने विचारा.

आणि डी.फार्म, बी.फार्म करणाऱ्या मित्रांनो, सर्टिफिकेट भाड्याने देऊन महिन्याला चार पैसे मिळतील. पण त्यावर तुमचे नाव आहे, आणि त्या नावावर विश्वास ठेवून कोणाची तरी आई गोळी गिळते. ती अमानत आहे. काउंटरवर स्वतः उभे राहा.