काहीतरी दाबलं असेल

जवळजवळ चार महिने इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलं. एकांनी तर जुन्या लेखाखाली "तब्येत बरी आहे ना?" असं लिहून ठेवलं. मी सगळ्यांना "सध्या वेळच होत नाही हो" असं सांगत होते. ते खोटं होतं. शाळा सोडून इतकी वर्षं झालेल्या बाईला वेळ होत नाही म्हणजे काय! खरी गोष्ट अशी की माझ्या हातून टाईप होईना, आणि हे कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

तर झालं असं. आजोळच्या वाड्यावरच्या लेखांचा चौथा भाग लिहायला बसले होते. दोन ओळी नीट झाल्या आणि मग अक्षरं गळायला लागली. पाच दाबावीत तर एखादं उमटावं. जरा वेळ दाबून धरलं तर यायचं, नेहमीच्या वेगानं गेलं तर कोरं. म्हटलं, संगणक जुना आहे (आमचा २०११ सालचा), कीबोर्ड गेला असेल. दुकानातून नवा आणला. त्यावर दोन दिवस छान चाललं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच! म्हणजे कीबोर्ड नवा, दोष जुना. मग उरलं काय? माझी बोटं.

एकदा हा विचार डोक्यात शिरला की त्याला पुरावे मिळतच जातात. जोरात दाबलं की अक्षर येतं, म्हणजे बोटांतली ताकद कमी झाली. काही दिवस बरं, काही दिवस वाईट, म्हणजे संधिवातासारखंच काहीतरी. माझ्या आईचे हात शेवटी शेवटी थरथरायचे, तेही आठवलं. त्याच हातांनी मी रोज कोथिंबीर निवडत होते, वहीत हिशोब लिहीत होते, सुईत दोरा ओवत होते. पण ते काही मनात आलं नाही. मुलाला सांगितलं नाही, कारण तो लगेच डॉक्टरांची वेळ घेईल. संगणकावर कापड टाकलं आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले.

यात एक गोष्ट मात्र भरून येणार नाही. नाशिकच्या आमच्या वन्सं या लेखांची वाट बघायच्या. तिसरा भाग त्यांनी स्वतः चष्मा लावून वाचला आणि विहिरीचा रहाट कुठल्या बाजूला होता ते माझं चुकलं म्हणून फोनवर मला रागावल्या होत्या. या चार महिन्यांत त्यांना आजारपण आलं, वाचन सुटलं. आता सूनबाई वाचून दाखवते आणि त्या ऐकतात. चूक काढत नाहीत.

संगणकाचं कोडं सोडवलं ते शेजारच्या दहावीतल्या मुलीनं, तेही न सोडवता. तिच्या घरी वीज नव्हती (आमची ओळ वेगळी आहे), म्हणून शाळेचं काही टाईप करायला आली. बसली, पाच मिनिटांनी म्हणाली, "आजी, तुमच्याकडे अक्षरंच येत नाहीत."

मी आतून धावत आले. "काय म्हणालीस? तुझीसुद्धा येत नाहीत?"

तिला वाटलं आजी रागावली. मला तर तिला पेढा द्यावासा वाटत होता! पंधरा वर्षांच्या मुलीच्या बोटांना तर संधिवात नसतो ना!

मग आम्ही दोघींनी मिळून शोधलं. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची एक सोय आहे. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्याकडून एकच अक्षर चारदा दाबलं जातं किंवा चुकून शेजारची कळ दाबली जाते. म्हणून ही सोय चालू असली की संगणक क्षणभर दाबलेल्या कळा मोजतच नाही, थोडा वेळ दाबून धरलेलीच कळ खरी मानतो. ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करता येते, पण तिला एक चोरदरवाजाही आहे. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की एक छोटी चौकट येते आणि सोय चालू करू का म्हणून विचारते. आपण न वाचता एंटर मारला की झालं. तसंच पुन्हा आठ सेकंद धरली की ती बंदही होते. म्हणून माझे काही दिवस बरे आणि काही वाईट.

आता ही उजवी शिफ्ट मी आठ सेकंद कशाला धरीन? तर मी इन्स्क्रिप्टनं मराठी लिहिते. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'अ', 'आ', 'इ' असे पूर्ण स्वर हवे असतील तर डाव्या हातानं कळ आणि उजव्या हाताच्या करंगळीनं शिफ्ट. मी 'आणि' लिहायला शिफ्ट दाबते आणि पुढचं वाक्य कसं करावं याचा विचार करत तशीच बसते. आठ सेकंद म्हणजे काहीच नाही, मी तर एकेका शब्दाला मिनिट घेते. थोडक्यात, मी विचार करत होते म्हणून यंत्राला वाटलं की माझे हात थरथरतात. आवाज चालू असता तर ते पिपाणी वाजवून सांगत होतं म्हणे, पण स्पीकर मीच काढून ठेवले होते.

(शिफ्ट एकापाठोपाठ पाच वेळा दाबली तर आणखी एक, 'स्टिकी कीज' नावाची चौकट येते. तीही न वाचता 'हो' म्हणू नका.)

हा प्रकार एकदाच झाला असता तर लेख लिहिला नसता. पण मागे वळून पाहिलं तर यंत्राचा दोष स्वतःच्या अंगावर घ्यायची मला सवयच लागली आहे असं दिसलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर वर्षभरानं मला संगणकावर सगळं पिवळट दिसायला लागलं. ऑपरेशननंतर काही जणांना भिंगामागचा पडदा धूसर होतो आणि लेसरनं तो साफ करावा लागतो, हे मी ऐकलेलं होतं. घाबरून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे तपासून सांगितलं की उत्तम आहेत. पैसे देऊन घरी आले तर स्क्रीन पिवळाच! शेवटी पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरला. कागद पांढरा, स्क्रीन पिवळा. एवढी साधी परीक्षा, दवाखान्यात जायच्या आधी सुचायला हवी होती. आमच्या जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची जाड केबल असते ना, तिच्यातून तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन रंग वेगवेगळ्या तारांतून येतात. निळा तुटला की पांढऱ्याचं पिवळं होतं, हिरवा तुटला की जांभळट गुलाबी, तांबडा तुटला की हिरवट आकाशी. केर काढताना धक्का लागून माझं निळं सैल झालं होतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले आणि मोतीबिंदू बरा झाला.

दुसरा प्रकार मुलाच्या प्रेमाचा. "आई, अक्षरं मोठी करून देतो" म्हणून त्यानं स्क्रीनचं रिझोल्यूशन कमी करून ठेवलं. अक्षरं मोठी झाली खरी, पण कडा विस्कटल्या, आणि फोटोतली सगळी नातवंडं एकदम गुटगुटीत दिसायला लागली. आमच्या मॉनिटरला आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. त्याला १०२४ बाय ७६८ चं चित्र दिलं की तो ते ओढूनताणून बसवतो, मग काना, मात्रा, वेलांटी सगळं पुसट. आणि मराठीत अनुस्वार पुसट झाला की अर्थच बदलतो. योग्य उपाय म्हणजे ठिपके त्याचे त्याला पूर्ण द्यायचे आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार १०० टक्क्यांवरून १२५ करायचा. हे कळेपर्यंत मी चष्म्याचा नंबर बदलून आले होते. त्या चष्म्यानं आता वर्तमानपत्र वाचताना मान वाकडी करावी लागते.

तिसरा प्रकार स्मरणशक्तीचा, आणि याची भीती आमच्या वयात सगळ्यात मोठी. बँकेचा पासवर्ड चुकला. पुन्हा घातला, पुन्हा चुकला, खातं कुलूपबंद. वहीत बघितलं तर पासवर्ड बरोबर होता! इंग्लंडहून आलेल्या भाच्यानं चार दिवस माझ्या संगणकावर काम केलं होतं आणि स्वतःच्या सोयीसाठी तिकडची कीबोर्डची मांडणी निवडली होती. तिकडच्या मांडणीत ॲट द रेट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल असते. पासवर्डच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात, मग मला कळणार कसं? तेव्हापासून मी पासवर्ड आधी साध्या कोऱ्या पानावर लिहून बघते, मग पुसते. हे सुरक्षित नाही असं भाचा म्हणतो. त्यानं बोलू नये.

आता माझं मत. ते घरातल्या तरुण मंडळींना आवडणार नाही.

आम्ही काही विचारलं की तुमचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "काहीतरी दाबलं असेल." हे वाक्य खोटं नाही. फिल्टर कीजमध्ये मी खरंच काहीतरी दाबलं होतं. पण त्याचा उपयोग शून्य, आणि नुकसान भरपूर. ते ऐकून माणूस पुढच्या वेळी विचारत नाही, गप्प बसतो आणि मनात स्वतःला नापास करतो. मी हे अधिकारानं सांगते, कारण वर्गात मीही हेच केलेलं आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा फळ्यावरची बेरीज सतत चुकीची उतरवून घ्यायचा. "लक्ष कुठं असतं तुझं?" म्हणून मी त्याला सहा महिने बोल लावले. शाळेत डोळे तपासणीचं शिबिर झालं तेव्हा कळलं की त्याला फळाच दिसत नव्हता. पहिल्या बाकावर बसवण्याची परीक्षा पहिल्याच दिवशी करता आली असती, पण मी केली नाही.

तेव्हा आधी परीक्षा करा, निकाल मागून द्या. अक्षरं येत नसतील तर दुसऱ्याला टाईप करायला सांगा. विंडोजमध्ये स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडता येतो. त्यावर माउसनं अक्षर दाबून बघा आणि खरी कळ दाबल्यावर त्यातली कळ उजळते का तेही बघा. टाईप करताना पुढचं अक्षर खाल्लं जात असेल तर इन्सर्टची कळ एकदा दाबा. मराठीच्या जागी अचानक इंग्रजी यायला लागलं तर कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबली गेली असेल. आणि मुलांनो, तुम्ही दुरुस्त करायला आलात की "आई, सरक" म्हणून माउस हातातून घेऊ नका. तोंडानं सांगा, हात आमचा चालू द्या. वेळ लागेल. तुम्हाला पाढे शिकवतानाही लागला होता.

दुसऱ्या टोकाचे दुकानदार. ते यंत्र न उघडताच म्हणतात, "काकू, जुना झालाय, टाकून द्या." रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासून पुन्हा बसवणारा मुलगा पूर्वी आमच्या गल्लीत यायचा, आणि निम्मी दुखणी तेवढ्यावर बरी व्हायची. जुनं असणं हे काही दुखण्याचं नाव नाही. अर्थात जिथे वयाचा प्रश्न खरा आहे तिथे मी हट्ट करत नाही. माझ्या संगणकावर विंडोज १० आहे, त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप या यंत्रात नाही. म्हणून बँकेचं काम त्याच्यावरून काढून घेतलं. लिहिण्याचं काम त्याच्याकडेच आहे, ते तो नीट करतो.

उजव्या शिफ्टवर शेजारच्या मुलीनं लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला आहे, आणि फिल्टर कीजचा तो चोरदरवाजा सेटिंगमध्ये जाऊन आम्ही बंद केला आहे. हा सगळा लेख दोन दुपारींत टाईप झाला, एकही अक्षर गळलं नाही. चौथा भाग येत्या रविवारी टाकते. वन्सं, रहाट डाव्या बाजूला केला आहे, सूनबाईंनी वाचून दाखवल्यावर बरोबर आहे का सांगा.