दाजींची फियाट आणि पन्नास वर्षांचा नियम



मला गाड्यांतले फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. जन्मभर सायकल चालवली आणि शाळेत मराठी-इतिहास शिकवला. तरीही आज गाडीवर लिहायला बसलो आहे. कारण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एका गाडीवरून दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तटांनी मलाच पंच नेमले आहे.

गाडी आमच्या दाजींची. फियाट ११००, पहिली नोंदणी १९६६ सालची. दाजींनी ती १९७९ मध्ये एका डॉक्टरांकडून घेतली. गिअर स्टिअरिंगपाशी, पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघे आणि मागे मोजायचे नाहीत असा हिशोब. अक्कलकोट, पंढरपूर, तुळजापूर, सगळ्या यात्रा तिने केल्या. उन्हाळ्यात तुळजापूरचा घाट चढताना ती हमखास तापायची. मग बॉनेट उघडून झाडाखाली थांबायचे, अक्का दशम्या आणि शेंगाचटणी काढायची. इंजिन थंड झाले की रेडिएटरमध्ये पाणी ओतून पुढचा प्रवास. दाजी जाऊन तीन वर्षे झाली. तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी आहे.

"ही आपल्या सोलापूरची लेक आहे," असे दाजी म्हणत, आणि त्यात तथ्य होते. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. इंग्रजांच्या राज्यात भारतीय मालकीची जहाज कंपनी चालवायची म्हणून १९१९ मध्ये ज्यांनी सिंदिया कंपनी उभी केली, त्यांत ते होते. बंगळूरचा विमान कारखाना १९४० चा आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, दोन्ही त्यांच्याच धडपडीतून. या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या आणि मग फियाटच्या गाड्या बाहेर पडल्या. पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, ती भरली म्हणून. ती बातमी अक्काने दोनदा वाचायला लावली.

आता वादाचा मुद्दा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार. प्रमाणपत्र दहा वर्षांचे. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात. माझा भाचा संजू पुण्याला असतो. त्याने हे सगळे वाचले आणि म्हणाला, "मामा, बाबांची गाडी आता वारसा झाली. व्हिंटेज करून टाकू."

पण दोन अटी आडव्या आल्या. पहिली, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल झालेला नको. आणि दाजींनी १९९४ मध्ये पेट्रोल परवडेना म्हणून डिझेलचे इंजिन बसवून घेतले होते. आरटीओत रीतसर नोंद करून, आरसी बुकात शिक्का मारून. दुसरी अट, अशी गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

संजू म्हणतो, जुने पेट्रोल इंजिन शोधू आणि डिझेलचे काढून टाकू. अक्का म्हणते, "ज्या इंजिनावर तुझा बाप तीस वर्षं हिंडला ते काढून टाकायचं, आणि मग म्हणायचं ही त्याची गाडी?"

या प्रश्नाने माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. मूळ म्हणजे काय? कारखान्यातून निघाली त्या दिवशीची गाडी, की ती जशी जगली तशी गाडी?

काही वर्षांपूर्वी आम्ही मुलीकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेलो होतो. तिथे एका तळ्यावर जुन्या मोटरहोड्यांचा मेळा पाहिला. होडीच्या मागे बाहेरून टांगलेले इंजिन, त्याला आउटबोर्ड म्हणतात. ओले एव्हिनरूड या कारागिराने त्याच राज्यातल्या मिलवॉकीत १९०९ मध्ये त्याचा धंदा सुरू केला. त्याच्या नावाची इंजिने २०२० मध्ये बनायची थांबली. म्हणजे सुटे भाग जुनेच शोधायचे, नाहीतर स्वतः घडवायचे. त्या लोकांनी वर्ग पाडलेले होते. इंजिन कोणत्या काळातले, किती ताकदीचे, नवा भाग जुन्या नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हे पाहून वर्ग ठरायचा. बदल केलेल्या होडीला कोणी घरी पाठवत नव्हते, तिचा वर्ग वेगळा. लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांचे आजचे. जुनेपणाचा हट्ट जिवावर बेतू द्यायचा नाही, हे मला फार पटले.

जुन्या वाहनांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, फिवा. जुन्या इमारती जपण्यासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली होती. तिच्या धर्तीवर फिवाने २०१२ मध्ये वाहनांसाठी तुरीनची सनद केली. वाहनाच्या अंगावर साचलेला इतिहास पुसू नये, नवे भाग घातले तर ते ओळखू यावेत आणि गाडी चालती राहावी, असा तिचा सूर आहे. अक्काने ती सनद वाचलेली नाही, पण बोलते तेच.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पंच कसला! संजूची मुलगी कायदा शिकते. ती म्हणाली, "आजोबा, अट ढिली केली तर जुन्या नंबरखाली नवी गाडी फिरेल." बरोबर आहे. जिथे हौस आणि पैसा एकत्र येतात तिथे लबाडी येतेच. म्हणून अट असावी, याला माझी ना नाही. शिवाय दररोज धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना 'वारसा' म्हणून सूट मिळू नये, हेही खरे.

पण एकच चाळणी सगळ्या धान्याला चालत नाही. माझे म्हणणे असे: मूळ रूपातल्या गाड्यांचा पहिला वर्ग असावा, मानही त्यांचाच मोठा. त्याखाली दुसरा वर्ग असावा, ज्यांचा बदल जुना आहे आणि सरकारच्याच शिक्क्याने आरसी बुकात नोंदलेला आहे त्यांचा. लबाडीचा प्रश्न तिथे येत नाही, पुरावा सरकारकडेच आहे. आणि दोन्ही वर्गांना, फिटनेस तपासून, वर्षातले मोजके दिवस घरगुती प्रवासाला द्यावेत. दिल्लीची स्टेट्समन रॅली १९६४ पासूनची. तिचे कौतुक आहेच, पण तिथे पोचणाऱ्या गाड्या संस्थानिकांच्या आणि श्रीमंतांच्या जास्त. आमच्यासारख्यांच्या गाड्या वारशात येणार असतील, तर त्या वेल्डिंगच्या डागांसकट आणि बदललेल्या इंजिनासकट याव्या लागतील. कारण आपल्याकडे वस्तू टिकली ती अशीच. धोतराचे उपरणे, उपरण्याचे फडके. सोलापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

असो. नियम बदलेल तेव्हा बदलेल. पंच म्हणून मी निकाल दिला: व्हिंटेजचा नाद सोडा, इंजिन आहे तेच ठेवा. गाडी संजूच्या नावावर करून नेहमीच्याच नोंदणीचे नूतनीकरण करा. पंधरा वर्षांवरच्या गाडीला ते दर पाच वर्षांनी करावे लागते, फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. खर्च आहे, पण रस्ता मोकळा राहतो. संजू जरा हिरमुसला, पण ऐकले त्याने. मिस्त्रीने ब्रेक उघडले आहेत, टायर नवे येणार आहेत.

अक्काला आता चौऱ्याऐंशीवे चालू आहे. तिने एवढेच विचारले, "नवरात्राआधी होईल ना रे?" तुळजापूरला जायचे आहे. व्हिंटेजच्या कागदावर ही यात्रा बसली नसती.

तुमच्याकडे अशी एखादी शेडखालची गाडी आहे का? तिचे काय केलेत, जरूर कळवा.