साप सातबारा पाहून चावत नाही

मृगाचा पाऊस पडून पेरण्या आटोपल्या आणि निंदणाला हात लागला, की सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यात सर्पदंशाचे दिवस सुरू होतात. वरवट बकालच्या परिसरात कपाशीच्या तासांतून वाकून गवत उपटणारी मजूर बाई अनवाणी असते आणि रात्री तिचे पोर जमिनीवरच अंथरुणात झोपलेले असते. बाईला घोणस, म्हणजे वऱ्हाडातली परड, गाठते, पोराला मण्यार. अशा मृत्यूंना ‘दैव’ म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

या दैवाचा हिशेब आता मांडला गेला आहे. ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण होती, आणि बहुतेकांना रुग्णालयाचे दारही दिसले नाही. मांत्रिकाला दोष देणे सोपे आहे. पण मांत्रिक गावातच असतो, गाडी मात्र नसते.

प्रतिविष आजही शंभर वर्षांहून जुन्या पद्धतीने तयार होते. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालते. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. सहकाराला ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखवून दिले आहे. दक्षिणेतील विषावर बेतलेले औषध इतरत्र तितकेच प्रभावी ठरेल, असे धरून चालता येत नाही. प्रादेशिक विषसंकलन हा त्यावरील उपाय आहे. पण तो खाजगी कंपन्यांच्या भरवशावर होणारा नाही. येथे गरज अफाट आहे, परंतु गरजवंतापाशी क्रयशक्ती नाही, आणि बाजाराला क्रयशक्तीचीच भाषा कळते. या कामाचा दीर्घ अनुभव असलेले हाफकिन महामंडळ राज्याच्याच मालकीचे आहे. त्याला बळ देणे हा शासनाच्या इच्छेचा प्रश्न आहे.

नव्या संशोधनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते वीस मिनिटे न हलवता ठेवावे. ते गोठले नाही तर घोणस वा फुरशाचे विष भिनले आहे असे समजावे. या चाचणीला ना यंत्र लागते, ना वीज. मण्यारीच्या दंशाने श्वास बंद पडू लागला, तर अकोल्याला पोहोचेपर्यंत हाताने दाबण्याच्या फुग्याने श्वास चालू ठेवता येतो. महाडला रुग्ण तपासता तपासता डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू व सर्पदंशावर केलेले संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांनी छापले. हे ज्ञान तालुक्याच्या ठिकाणी वापरता येते, नव्हे, तेथेच ते घडले आहे.

आता भरपाईचे पाहा. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २०२३ पासून सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु तिचा लाभ खातेदार शेतकऱ्याला व त्याच्या कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो; वयाची अट १० ते ७५. म्हणजे मालक त्याच शेतात दगावला तर तो अपघात, आणि त्याच्याकडे मजुरीने निंदणारी भूमिहीन बाई वा तिचे सहा वर्षांचे पोर दगावले तर या योजनेच्या लेखी काहीच घडले नाही. साप मात्र सातबारा पाहून चावत नाही. शेतमजुराचा सर्पदंश हा कामावरील अपघात आहे, एवढे साधे तत्त्व मान्य करायला कोणत्या समितीची गरज आहे?

केंद्र शासनाने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच आपापल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, श्वासाचा फुगा आहे काय आणि रात्रपाळीचा डॉक्टर तो वापरू शकतो काय, हे विचारावे. भूमिहीनांना योजनेत घेण्याच्या मागणीचा ठराव प्रत्येक ग्रामसभेतून तहसीलदारांकडे गेला पाहिजे.