बाबांचा काँप्युटर आणि तुमचं स्वातंत्र्य

शनिवारी सकाळी आठला बाबांचा फोन आला की समजायचं, काहीतरी बिघडलंय. चांगली बातमी ते रविवार संध्याकाळपर्यंत राखून ठेवतात. ही गोष्ट दीडएक वर्षापूर्वीची.

"अरे, काँप्युटर काळा पडलाय. इंग्रजीत कायतरी लिहिलंय आणि खाली एक रेघ लुकलुकतीये. माझं काही चुकलं का रे?"

बाबा निवृत्त शिक्षक. गावातल्या वाचनालयाचं काम बघतात. पुस्तकांची यादी, सभासदांची वर्गणी, आणि दरवर्षी सरकारी अनुदानासाठी पाठवायचा अहवाल. हे सगळं एका जुन्या, असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर. त्यावर लिनक्स टाकलं ते मीच, मोठ्या ऐटीत. "आता व्हायरसची भानगड नाही, लायसन्सची नाही" वगैरे भाषण ठोकून. तर आदल्या रात्री अपडेटची खिडकी आली, बाबांनी आज्ञाधारकपणे 'हो' म्हटलं, आणि अपडेट निम्म्यावर असताना वीज गेली. संपलं.

स्वारगेटहून एसटी पकडली. घरी जाऊन पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं आणि अर्धवट बसलेली पॅकेजेस एकेक करून मार्गी लावली. चार तास गेले. अहवालाची फाईल शाबूत निघाली, पण ते कळेपर्यंत बाबा शेजारच्या खुर्चीत गप्प बसून होते. चूक आपलीच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मंडळी, चूक त्यांची नव्हती. चूक त्या पद्धतीची होती, आणि त्या पद्धतीला गेली कित्येक वर्षं 'स्वातंत्र्य' म्हणत आलेल्या आपल्यासारख्यांची होती.

नेहमीचं लिनक्स अपडेट कसं होतं ते जरा आठवा. पॅकेज मॅनेजर चालू सिस्टिमच्या पोटात हात घालून शेकडो फाइली एकामागून एक बदलतो. निम्म्या नव्या, निम्म्या जुन्या अशी अवस्था मध्ये काही मिनिटं असतेच. म्हणजे धावत्या एसटीचं चाक बदलण्यातला प्रकार. बहुतेक वेळा जमतं, म्हणून आपल्याला ते सुरक्षित वाटतं. आणि वीज न जाताही हे फसू शकतं. २०२१ साली लिनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएसवर स्टीम टाकायला घेतलं, तर पॅकेज मॅनेजर म्हणाला की त्यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल. धोक्याची सूचना आली होती, पण ती त्या मजकुराच्या भेंडोळ्यात कोण वाचतो! त्याने 'होय, मी सांगतो तसं कर' असं टाइप केलं, आणि डेस्कटॉप खरोखरच गेला. पॅकेजमधली ती चूक नंतर दुरुस्त झाली. पण एक गेम चालवायचं सॉफ्टवेअर टाकताना अख्खं घर पाडण्याची सोय सिस्टिममध्ये मुळात असावीच का, हा माझा प्रश्न आहे.

यावर उत्तर आहे, आणि ते आजचंही नाही. सिस्टिमची एक अख्खी इमेज बनवायची. 'यूएसआर' फोल्डर, म्हणजे सिस्टिमचा सगळा ऐवज, फक्त वाचण्यापुरता ठेवायचा. अपडेट आलं की चालू सिस्टिमला बोटही न लावता नवी आवृत्ती शेजारी रचून ठेवायची, आणि रीस्टार्ट करताना बोट जुनीवरून उचलून नवीवर ठेवायचं. मधल्या काळात वीज गेली? जुनी सिस्टिम जागेवर आहेच. नवी बिघडलेली निघाली? बूट मेनूत जुनीही उभी असते. तुमच्या फाइली 'व्हार' आणि 'होम'मध्ये वेगळ्या राहतात, त्यांना या उलाढालीची झळ लागत नाही. दोन आवृत्त्या ठेवल्या म्हणून दुप्पट जागाही जात नाही, कारण ज्या फाइली बदललेल्या नाहीत त्या डिस्कवर एकदाच असतात.

ओएसट्री नावाचं हे तंत्र कॉलिन वॉल्टर्सने आधी नोमच्या डेव्हलपरांना रोजच्या नव्या आवृत्त्या तपासता याव्यात म्हणून लिहिलं. २०१४ साली रेड हॅटच्या प्रोजेक्ट ॲटॉमिकमधून ते सर्व्हरकडे गेलं, आणि २०१८ साली फेडोरा सिल्व्हरब्लू या नावाने डेस्कटॉपवर. क्रोमबुकात दोन आलटूनपालटून वापरायच्या पार्टिशनांचा प्रकार पहिल्यापासून आहे. अँड्रॉइडमध्ये तो २०१६ साली आला. २०२२ च्या स्टीम डेकवर तर आर्च लिनक्स आहे, आणि तिथेही सिस्टिम कुलूपबंद. म्हणजे गेम खेळणाऱ्या पोराला जी सुरक्षितता मिळाली, ती वाचनालयाचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या बापाला मी देत नव्हतो.

आता आमच्या लिनक्सप्रेमी मित्रांचं काय म्हणणं असतं? "हे लिनक्सच नव्हे. माझं मशीन, माझी रूट, मी वाट्टेल ते करीन."

अरे बाबा, सोमवारी ऑफिसात जाऊन बघ तू काय करतोस ते! प्रॉडक्शन सर्व्हरवर लॉगिन करून कोणी हाताने एक पॅकेज टाकलं तर तूच मीटिंग बोलावतोस. "बदल गिटमध्ये टाक, इमेज नव्याने बनव, टेस्ट कर, मग डिप्लॉय कर" हे तू नव्या पोरांना तोंडपाठ करून घेतोस. बँकेच्या सर्व्हरसाठी जी शिस्त तुला किमान वाटते, तीच घरच्या काँप्युटरवर गुलामगिरी कशी होते? पगार देणाऱ्याचं मशीन मौल्यवान आणि आईबापांचं मशीन प्रयोगशाळा, एवढाच त्याचा अर्थ.

आणि स्वातंत्र्य गेलंय कुठे? माझ्या इमेजची कृती एका कंटेनरफाईलमध्ये आहे. पहिल्या ओळीत फेडोराची मूळ इमेज, खाली मी घातलेली चार पॅकेजेस, मराठी फाँट, प्रिंटरचा ड्रायव्हर. इमेज दर आठवड्याला आपोआप बनते. आधी ती माझ्या लॅपटॉपवर जाते, आठवडाभर मी वापरतो, मग बाबांच्या मशीनला मिळते. भांड्यात थेट हात घालायची मुभा गेली, कृती बदलायची मुभा पूर्ण आहे. उलट आधी त्या मशीनवर मी गेल्या तीन वर्षांत काय काय केलं होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

"टाइमशिफ्टने स्नॅपशॉट घे की!" असंही एकजण म्हणाला. घ्यावा, चांगलंच आहे. पण स्नॅपशॉट घेतल्याने तुझं मशीन जगावेगळं व्हायचं थांबत नाही. तुझ्या पॅकेजेसचं नेमकं ते मिश्रण दुसऱ्या कोणी कधी चालवून पाहिलेलंच नसतं. इमेज मात्र जशी माझ्याकडे चालली तशीच, त्याच फाइलींसकट, बाबांकडे पोहोचते.

आता उणी बाजू, नाहीतर म्हणाल हा जाहिरात करतोय. प्रिंटरच्या ड्रायव्हरने माझे दोन रविवार खाल्ले. त्याचा इन्स्टॉलर थेट 'यूएसआर'मध्ये लिहायला गेला आणि आपटला. फ्लॅटपॅकचं पहिलं ॲप घेताना रनटाइमसकट इतकं काही उतरतं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घाम फुटावा. सिस्टिमच्या अपडेटला रीस्टार्ट लागतोच. शिवाय इमेज बनवणाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. कुठल्या अनोळखी माणसाची इमेज निव्वळ छान दिसते म्हणून घेऊ नका, आणि सही तपासल्याशिवाय तर नाहीच.

माझं खरं भांडण या सिस्टिमी बनवणाऱ्यांशीही आहे. यांची माहितीपत्रकं वाचा. कंटेनर, रजिस्ट्री, रीबेस, लेअर... ज्याला हे सगळं आधीच येतं त्यालाच समजावं अशा थाटात. अहो, ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यांना यातला एक शब्दही माहीत नसतो, आणि नसायलाच हवा! बूट मेनूत आवृत्त्यांच्या आकड्यांऐवजी साधं 'कालचं' आणि 'आजचं' लिहायला काय हरकत आहे? तेही मराठीत दिसलं तर सोन्याहून पिवळं.

असो. गेल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी बाबांचा फोन आला. अहवाल वेळेत गेला म्हणाले. मग जाता जाता, "अरे हो, परवा तो पुन्हा काळा पडला होता."

माझ्या पोटात गोळा. "मग?"

"मग काय, बंद करून चालू केला. दोन ओळी आल्या. तू सांगितलं होतंस तसं खालची निवडली. झाला सुरू. तुला कशाला उगाच फोन करायचा?"

नंतर पाहिलं, तर नव्या कर्नलचं त्यांच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाशी जमत नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर ते कार्डच नाही, म्हणून मला दिसलं नाही. म्हणजे या खेपेला चूक खरोखर माझी होती. आणि ती माझ्या सत्तरीतल्या वडिलांनी, मला न विचारता, एक बाण खाली दाबून दुरुस्त केली. "माझं काही चुकलं का रे" हा प्रश्न त्यांना पडलासुद्धा नाही.

मला विचाराल तर स्वातंत्र्य याला म्हणतात. तुमचं 'सुडो' तुम्हाला लखलाभ :)