अंगणाला सपाटी नको, ढाळ हवा

पावसाळा ओसरला की घरोघरी गच्ची, ओटे आणि अंगणे यांची डागडुजी निघते. चार महिने जिथे पाणी साचले तिथे शेवाळ धरलेले असते, कोब्याचे पापुद्रे सुटलेले असतात, एखादी शहाबादी फरशी खचून पायाखाली डुगडुगत असते. या दुखण्यावर हल्ली एक नवा इलाज सुचवला जातो, तो म्हणजे पारदर्शक इपॉक्सी रेझिन. बादलीत दोन द्रव कालवायचे आणि उंचसखल जमिनीवर ओतायचे. मिश्रण आपोआप पसरते, खळगे भरतात आणि दुसऱ्या दिवशी काचेसारखी लखलखीत, सपाट जमीन तयार होते. खालची जुनी फरशी दिसत राहते, तोडफोडही वाचते. चित्रफितीत हे इतके सोपे दिसते की कुणालाही मोह पडावा. माझे म्हणणे असे की उघड्यावरच्या जमिनीसाठी हा उपाय चुकीचा आहे. तो महाग आहे, नाजूक आहे, हे खरेच. पण मुळात तो भलत्याच दुखण्यावरचा आहे.

उघड्यावरच्या जमिनीचे पहिले काम पाणी काढून देणे हे असते. म्हणून गवंडी ओटा किंवा गच्ची करताना ढाळ धरतो. साधारण 100 ला 1, म्हणजे 3 मीटर रुंदीच्या ओट्याला भिंतीपासून कडेपर्यंत 3 सेंटिमीटर उतार. डोळ्याला तो जाणवतही नाही, पण पावसाचे पाणी त्याच्याच जोरावर पन्हाळीकडे जाते. आता या जमिनीवर स्वतःहून समतल होणारा द्रव ओतला तर दोनच गोष्टी संभवतात. ढाळ शाबूत असेल तर रेझिन पाण्यासारखेच उतरणीला लागेल आणि खालच्या कडेला, नेमके पन्हाळीच्या तोंडाशी साचून घट्ट होईल. चारी बाजूंनी बांध घालून ते अडवले, तर पाणसळीला अचूक उतरेल अशी सपाटी मिळेल खरी, पण ढाळ बुजून जाईल. अशा सपाटीवर पडलेल्या पाण्याला कुठे जावे हे सांगणारे काहीच उरत नाही. आधी दोन खळग्यांत साचणारे पाणी आता सबंध अंगणभर पातळ थर धरून राहील. गुळगुळीत रेझिनवर असा थर म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाडांशी खेळ. निसरडेपणा घालवायला वर बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरतात, पण मग ती पारदर्शक झळाळीही जाते आणि ज्या कारणासाठी रेझिन निवडले ते कारणच संपते.

दुसरा प्रश्न उन्हाचा. इपॉक्सी हे काही अनोळखी द्रव्य नव्हे. अराल्डाइटच्या दोन नळ्या आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत, त्याच कुळातले हे रसायन. एका भागात रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारा हार्डनर. त्याची चिकटण्याची ताकद वादातीत आहे. पण नेहमीच्या इपॉक्सीच्या रेणूंत जी अॅरोमॅटिक कडी असतात, ती अतिनील किरणे शोषतात आणि त्यातून रेझिन पिवळे पडते, पुढे पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी धरू लागते. रंगीत थरात हा पिवळेपणा काही काळ लपतो. पारदर्शक थरात लपायला जागा नसते. शिवाय पारदर्शक थर खालचे काहीच झाकत नाही. जुने डाग, भेगा, नीट न झाडलेली धूळ, ओतताना अडकलेले बुडबुडे, सगळे कायमचे भिंगाखाली ठेवल्यासारखे दिसत राहते.

ऊन रंगाइतकेच बळावरही घाला घालते. साध्या तापमानाला घट्ट होणारी बहुतेक इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास आपला ताठपणा सोडू लागतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उघडी गच्ची दुपारी तेवढी किंवा त्याहून जास्त तापते. त्यात भर फुगण्या-आकसण्याची. भर न घातलेले इपॉक्सी काँक्रीटच्या चार-पाच पट प्रसरण पावते. पहाट ते दुपार पृष्ठभागात 30 अंशांचा फरक पडला, तर 3 मीटर लांबीत काँक्रीट जेमतेम 1 मिलिमीटर वाढते आणि रेझिन मोकळे असते तर 4 मिलिमीटरांहून जास्त वाढले असते. ते मोकळे नसते, खाली चिकटलेले असते. म्हणून हा सगळा ताण दोघांच्या सांध्यावर येतो आणि रोज येतो. कोकणात उन्हाची जागा ओल घेते. जमिनीला लागून असलेल्या कोब्यातून किंवा फरशीच्या दर्जांतून ओल सतत वर येत असते. उघड्या कोब्यावरून ती उडून जाते. रेझिनचा थर तिची वाट बंद करतो, मग ती खालूनच दाब देते आणि फोड येतात. आतली ओल ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. 18 इंची चौकोनी प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून 16 तास ठेवायचा आणि मग खाली दव जमले आहे का किंवा कोबा काळवंडला आहे का ते पाहायचे. तसे दिसले तर रेझिनचा विचार तिथेच सोडलेला बरा.

खर्चाचा हिशेब कागदावरच मांडून पाहावा. 10 बाय 20 फुटांचे अंगण म्हणजे सुमारे 18.6 चौरस मीटर. सरासरी 1 सेंटिमीटर जाडीचा थर लागला तर 186 लिटर, म्हणजे 200 किलोंच्या आसपास रेझिन. किलोला काही शे रुपये मोजावे लागतात, तेव्हा हे काम लाखाच्या घरात सहज जाते. शिवाय रेझिन घट्ट होताना उष्णता सोडते. पातळ लेपासाठी बनवलेले मिश्रण जाड ओतले तर ते आतून तापून तडकते. हवा जितकी गरम तितका हाताशी वेळ कमी. तापमान 10 अंशांनी वाढले की तो साधारण निम्म्यावर येतो.

यावर काही आक्षेप येतील आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला असा की औषधांच्या कारखान्यांत, रुग्णालयांत, वाहनतळांत इपॉक्सीच्या जमिनी वर्षानुवर्षे टिकतात. टिकतात, कारण त्या छपराखाली असतात, त्यांतले रेझिन बहुधा रंगद्रव्य आणि वाळूची भर घातलेले असते आणि खालच्या काँक्रीटची ओल तपासून, पृष्ठभाग यंत्राने खरवडून सराईत माणसे ते काम करतात. घरच्या अंगणात यांतली एकही अट पाळली जात नाही. दुसरा आक्षेप, उन्हाला टिकणारे इपॉक्सी मिळते. त्यातली संरक्षक द्रव्ये पिवळेपणा लांबवतात, थांबवत नाहीत. वर अॅलिफॅटिक पॉलियुरेथेनचा लेप दिला तर रंग पुष्कळ टिकतो हे मान्य. पण त्याने ढाळ येत नाही, ओल अडत नाही आणि खालचा थर फुगायचा राहत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सिमेंटचा पातळ थर जुन्या कोब्यावर धरत नाही, वर्षभरात पोकळ वाजू लागतो, म्हणून तर लोक रेझिनकडे वळतात. साध्या सिमेंट-वाळूच्या मालाबाबत हे अगदी खरे आहे. मात्र त्यावरचा उपाय पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल हा आहे, आणि तो बाजारात सहज मिळतो.

तेव्हा करायचे काय? आधी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते, कुठे थांबते ते पाहावे आणि थांबल्या जागा खडूने आखून घ्याव्यात. फरशी डुगडुगत असेल तर दोष खालच्या भरावात आहे. ती काढून, भराव धुमसाने दाबून पुन्हा बसवण्याला पर्याय नाही. वर काहीही ओतले तरी ते भरावाबरोबरच खचेल. पाया पक्का असेल आणि केवळ उंचसखलपणा असेल, तर सुटलेला भाग काढून कोब्याला टाचे मारावेत, जागा धुऊन ओलसर ठेवावी, एसबीआर लेटेक्स (हेच ते पॉलिमर) आणि सिमेंटची खीर ब्रशने चोळावी आणि ती ओली असतानाच लेटेक्स मिसळलेला माल पाणसळीने नव्हे तर दोरीने धरलेल्या ढाळात थापीने ओढावा. मग उत्पादकाने सांगितले असेल तितके दिवस त्याला ऊन आणि वारा यांपासून जपावे. मोठी गच्ची असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा हा आपल्याकडचा जुना उपाय ढाळही देतो आणि ऊनही अडवतो; फक्त त्याचे वजन स्लॅबला पेलवेल का, हे अभियंत्याला विचारूनच.

इपॉक्सीला घराबाहेर जागाच नाही असे नाही. वाळू कालवून केलेल्या इपॉक्सी मालाने पायरीची तुटलेली कड सांधता येते, बंदिस्त पोर्चमधला एखादा खड्डा भरता येतो. पण सबंध अंगण त्याच्या हवाली करणे म्हणजे चिकटवण्यासाठी जन्मलेल्या द्रव्याकडून गवंड्याचे काम करून घेणे. ठेकेदाराने रेझिनचा नमुना पुढे ठेवला की त्याला एकच विचारावे: यावर पडलेले पाणी कोणत्या बाजूने बाहेर जाणार? उत्तरात बोट पन्हाळीकडे गेले नाही, तर आगाऊ रक्कम देऊ नये.